पटाश्यांची धार

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, आमच्या कारखान्याचे मालक, आजचे सत्कारमूर्ती थोरले मिस्त्री, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि हातातलं काम बाजूला ठेवून जमलेल्या माझ्या कारागीर बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

आज सकाळी देवापुढे हात जोडले आणि मिस्त्रींच्या पटाश्यांची गुंडाळी घेऊन मी घराच्या मागच्या पायरीवर बसलो. पायरी सिमेंटची आहे. धार लावायचा दगड आत कपाटातच होता. तो मी बाहेर आणला नव्हता. का आणला नव्हता, हे सांगायलाच मी उभा आहे.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. आमचं काम लाकडावर नक्षी कोरण्याचं. करवत, रंधा ही हत्यारं कारखान्याची; पण कोरायच्या पटाश्या ज्याच्या त्याच्या. मूठ धन्याच्या हाताप्रमाणे झिजत जाते, दुसऱ्याच्या हातात ती बसत नाही. माणूस निवृत्त झाला, की मालक त्याच्या पटाश्या समारंभात त्याच्या हाती देतात. त्याआधी त्यांना धार लावून आणायचं काम या वेळी माझ्याकडे होतं. ती गुंडाळी या टेबलावर आहे.

मी कामाला लागलो तेव्हा मिस्त्रींनी पहिलं काय सांगितलं असेल? "हात पात्याच्या मागं. पात्याच्या पुढं फक्त लाकूड." दुसऱ्याच्या पटाशीची धार मात्र ते स्वतःच्या डाव्या अंगठ्यावर पाहायचे आणि पसंत पडली तर "हं" म्हणायचे. तेवढंच. माझी पहिली पटाशी पाहून म्हणाले होते, "हिनं लोणी कापशील, पण ते आधी वितळवून घे." त्या "हं"साठी आम्ही सगळे जीव टाकायचो.

मागच्या महिन्यात ते दाराच्या फळीवर वेल कोरत होते. मला हाक मारून म्हणाले, "अरे, हा लाल रंग कुणी सांडला इथं? कामाच्या जागी रंग आणू नका, किती वेळा सांगायचं?"

तो रंग नव्हता. त्यांचाच अंगठा कापला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. डॉक्टर म्हणाले, साखरेच्या आजारानं डाव्या हाताच्या बोटांतली जाणीव गेली आहे. परत येणं कठीण. म्हणून हा समारंभ.

परवा वहिनी आमच्याकडे आल्या. बसल्यासुद्धा नाहीत.

"भाऊजी, पटाश्या द्या त्यांना, नाहीतर अन्न गोड लागायचं नाही. पण धार घालवून द्या."

"त्यांना कळलं तर?"

"कशानं कळणार, भाऊजी?"

त्यांचा अंगठा रोज धुऊन बांधणाऱ्या त्या. मी मान डोलावली.

म्हणून आज मी पायरीवर बसलो होतो. पहिली गोल पटाशी सिमेंटवर टेकवली. ओढायची तेवढी बाकी होती. आणि हात हलेना. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते घसरतं आणि धारदार पटाशीपेक्षा वाईट कापतं, हेही मिस्त्रींनीच शिकवलेलं. एवढं सांगून मला खाली बसता येईल. पण खरं कारण वेगळं होतं. मला दिसत होतं, की ते घरी त्या मेलेल्या धारेवरून अंगठा फिरवतील आणि समाधानानं "हं" म्हणतील. ते मला सोसलं नसतं.

मी उठलो, दगड आणला, एकेका पटाशीला धार लावली, चामड्यावर फिरवली. मग मिस्त्री दाढी करायला गेल्याची वेळ साधून त्यांच्या घरी गेलो आणि वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या,

"काही झालं तर मी तुमच्या दारात येईन."

"या."

"आणि मी काय सांगितलं होतं, ते त्यांना कोण सांगणार?"

"तुम्ही म्हणत असाल तर मी सांगतो. समारंभातच."

"सांगा. घरात माझ्याच्यानं बोलवत नाही."

मी केलं ते बरोबर की चूक? मला ठाऊक नाही. उद्या त्या खरंच दारात आल्या, तर मी तोंड कुठं लपवू, हेही ठाऊक नाही.

मिस्त्री, वहिनींवर रागावू नका. तुमच्या खिडकीजवळच्या टेबलाला मी शिकंजा बसवून आलो आहे. लाकूड त्यानं धरायचं. तुमचे दोन्ही हात पात्याच्या मागं. नियम तुमचाच आहे. धार अंगठ्यावर बघायची नाही. कामावरून घरी जाताना रोज मी येईन, धार मी बघेन. यापुढं "हं" मी म्हटलेलं चालेल ना?

मंडळी, संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. गावच्या शाळेत शिकलेला माणूस मी. सभेची रीत सुटली असेल, घरातलं चारचौघांत बोललो असेन, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आणि मालक, गुंडाळी उचलताना जरा जपून. आतल्या प्रत्येक पटाशीला धार आहे.