अठ्ठेचाळीस पावत्या आणि दोन बांगड्या

नाव व पत्ता: नोंदवहीत लिहून दिल्याप्रमाणे. वय: ६१ वर्षे. व्यवसाय: निवृत्त ग्रंथपाल. तक्रारदाराशी नाते: मावशी.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, माझी थोरली बहीण आणि मी कॉन्व्हेंट शाळेत एकाच वेळी शिकलो. दर महिन्याच्या एक तारखेला मधल्या सुट्टीत आम्ही दोघी कार्यालयाच्या खिडकीशी रांगेत उभ्या राहत असू. वडिलांनी रुमालाच्या गाठीत बांधून दिलेले पैसे ताईकडे असत. खिडकीआडच्या सिस्टर फीचा हप्ता घेऊन चिठ्ठीवर शिक्का मारत आणि म्हणत, “शाबास, वेळेवर.” दहाव्या महिन्यात चिठ्ठीच्या तळाशी, बाकीच्या ओळीत, शून्य येई. त्या दिवशी ताई मला शिक्क्याच्या ओल्या शाईवर फुंकर घालू देई.

चौकीचे जमादार विचारतात की याचा बांगड्यांशी काय संबंध. संबंध आहे, म्हणून लिहिले आहे. जबाब मी त्यांच्या परवानगीने स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

माझ्या भाच्याने मंगळवारी सायंकाळी तक्रार दिली की, त्याच्या आईच्या कपाटातून सोन्याच्या दोन बांगड्या चोरीस गेल्या असून घरी कामाला येणाऱ्या बाईवर संशय आहे. या बाईला ताई ‘चिमणी’ म्हणते, कारण ती सतत बोलते. ती या घरी नऊ वर्षे येत आहे.

बुधवारी सकाळी मी ताईकडे गेले. ताई आंघोळीला गेली असता मी तिच्या शिलाई मशीनचा खण उघडला. त्यात निळ्या फितीने बांधलेला कागदांचा गठ्ठा होता. क्रेडिट कार्डाच्या भरणा पावत्या, चार वर्षांच्या, एकूण अठ्ठेचाळीस. प्रत्येकीवर लाल पेन्सिलीची खूण. सर्वांत खाली सोनेतारण पेढीची पावती, सहा महिन्यांपूर्वीची, तपशील: दोन बांगड्या. पावतीचा क्रमांक मी उतरवून घेतला. ताई बाहेर आली.

“माझ्या खणात काय शोधतेस?”

“सुई.”

“सुया खिडकीतल्या डबीत असतात.”

“माहीत आहे.”

यानंतर ताईने सांगितले ते असे. साडेचार वर्षांपूर्वी तिने कार्डावर ऐकण्याचे यंत्र घेतले. किंमत अठ्ठेचाळीस हजार. मुलाकडे मागितले नव्हते, कारण तो एकदा म्हणाला होता, “आई, आता या वयात काय ऐकायचं राहिलंय?” तो चेष्टेने म्हणाला होता, असे ताईचे म्हणणे आहे.

मी विचारले, “दर महिन्याला किती भरायचीस?”

“कागदावर लिहून यायचं तेवढं. किमान रक्कम. एक दिवस उशीर नाही केला.”

“आणि खालचा मोठा आकडा?”

“तो कमी होतच होता की. शाळेत पण असाच व्हायचा.”

मी ग्रंथपाल होते, आकड्यांचे काम फारसे केलेले नाही. पण हे कसे घडते ते समजून घ्यावेसे वाटले, म्हणून दुपारपर्यंत पावत्या क्रमाने लावल्या. कार्डाचे व्याज महिन्याला शेकडा तीन. पहिल्या महिन्यात ताईने दोन हजार चारशे बहात्तर भरले, त्यांतले एक हजार चारशे चाळीस व्याजातच गेले. आकडा दर महिन्याला थोडा उतरतो, त्याबरोबर किमान रक्कमही उतरते, त्यामुळे भरणाऱ्याला बरे चालले आहे असे वाटते. चार वर्षांत ताईने सुमारे साडेचौऱ्याहत्तर हजार भरले. तरी सतरा हजार शिल्लक होते. शाळेच्या हप्त्यांना व्याज नव्हते, एवढाच फरक.

जमादारांनी या ठिकाणी आपल्या स्वतःच्या कार्डाविषयी एक प्रश्न विचारला. तो जबाबाचा भाग नाही, म्हणून लिहीत नाही.

त्याच दुपारी मी पेढीत गेले. तिथल्या कारकुनाने स्वतःचे नाव सांगण्यास नकार दिला, दर मात्र सांगितला: महिन्याला शेकडा दीड. म्हणजे ताईने सतरा हजार उचलून कार्ड एकदम मिटवले आणि व्याज निम्म्यावर आणले. मी कारकुनाला विचारले, हे बरोबर केले ना? तो म्हणाला, “बाई, चार वर्षं आधी यायला हवं होतं त्यांनी.” सर्व व्यवहारात ताईने शहाणपणाचे एकच काम केले आणि तेच लपवले.

सायंकाळी मी ताईला हे सांगितले. बांगड्या सोडवायला सहा महिन्यांच्या व्याजासह अठरा हजार पाचशे तीस लागतील, ते मी देते, म्हटले.

“तू काय दर लावशील?”

“शिक्क्यावर फुंकर मी घालणार.”

ती हसली. मग म्हणाली, “त्याला कळता कामा नये. आईला हिशेब कळत नाही म्हणेल आणि पेन्शनचं पुस्तक काढून घेईल.”

आज गुरुवारी सकाळी दहा वाजता चिमणीला चौकीत बोलावल्याचे समजले. मी ताईकडे जाऊन तसे सांगितले. ताईने कानातले यंत्र काढून टेबलावर ठेवले. नंतर ताईने उठून खण उघडला, फितीचा गठ्ठा पेढीच्या पावतीसह माझ्या हातात दिला आणि चपला घातल्या. यंत्र तिने घेतले नाही, मी घेतले.

चौकीत चिमणी बाकावर होती. मला म्हणाली, “मावशी, तुम्हीच सांगा यांना. सोनं विकलं असतं तर या चपला घालून आले असते का?” चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला आहे. ताई तिच्याशेजारी बसली. त्या वेळेपासून चिमणी बोललेली नाही.

तरी बांगड्या चोरीस गेलेल्या नाहीत. त्या मालकिणीने स्वतः, स्वतःच्या सहीने तारण ठेवल्या आहेत. चिमणीचा यात काही दोष नाही.

वरील मजकूर मी जमादारांना मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे, खरा आहे, कोणाच्या दबावाखाली लिहिलेला नाही. सहीपूर्वी एवढे नोंदवावे:

चिमणीचा फोन व पिशवी जमादारांच्या टेबलाच्या खणात ठेवली आहे, ती तिला आत्ताच द्यावी. तिचा आजचा बुडालेला रोज मी देते.

पेढीच्या पावतीची नक्कल ठेवून मूळ पावती ताईला द्यावी. बांगड्या सुटतील तेव्हा ताईच्याच हाती पडतील, भाच्याच्या नव्हे. अठ्ठेचाळीस पावत्या त्याच फितीत बांधून तिला परत कराव्यात.

भाच्याला या जबाबाची प्रत द्यावी. त्याने पूर्ण वाचावी.

जमादारांच्या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या कागदावर लिहिले आहे, तो त्यांनी घरी न्यावा.

ऐकण्याचे यंत्र माझ्या पर्समध्ये आहे. इतर सर्व देण्याआधी ते ताईला द्यावे. तिला चिमणीशी बोलायचे आहे, आणि चिमणी काय उत्तर देते ते तिला ऐकू आले पाहिजे.