मी शांत होतो हो!

…नाही, तुम्हीच सांगा, माणसाने शांत राहावं तरी किती? आणि राहिलाच, तर त्याच्यावरच संशय? तुम्हाला सांगतो, आमच्या हिने फर्मान काढलं, "या वयात मोटरसायकल कशाला? जरा बिघडली की अख्ख्या रस्त्याशी भांडता! आज लेकीला मागे बसवा आणि बाजारात जाऊन या. एकदा जरी आवाज चढला ना, तर किल्ली माझ्याकडे. कायमची!"

कायमची म्हणे! बरं. निघालो. मागे लेक, तिचं तोंड माझ्या कानाला लावलेलं, "बाबा, हळू हं… बाबा, आरशात बघा हं…" मी शांत! पण मनात म्हटलं, ही आज एवढी गोड का बोलतेय? एरवी घरात ताशासारखी वाजते! मायलेकींचं काहीतरी शिजतंय…

आणि ऐन चौकात गाडी फुर्र… फुस्स! बंद! मागे हॉर्नवर हॉर्न! एक टेम्पोवाला मान बाहेर काढून म्हणतो, "ओ आजोबा, गाडी झोपली की तुम्ही?" आजोबा! एरवी मी त्याची सात पिढ्यांसकट पूजा बांधली असती, पण मी शांत! नुसता हसलो त्याच्याकडे बघून. तो असा टरकला, पटकन काचच वर केली! खाली वाकून बघतो, तर पेट्रोलचा कॉक बंद! हां! सापडली चोरी! लेकीवर असे डोळे रोखले, असे रोखले… तर ती म्हणते, "बाबा, गाडी लावली की कॉक तुम्हीच बंद करता ना? चोराने पळवली तर चौकातच बंद पडावी म्हणून?"

हो. करतो खरा. युक्ती चालली म्हणायची… चोर तेवढा मीच निघालो!

तरी मी शांत! पुढे उतार, उतारावर वळण, आणि क्लचची केबल टण्णकन तुटली! लेक किंचाळली, "बाबाऽऽ!" मी? गॅस सोडला, ब्रेक हळूहळू दाबला, गाडी अलगद रस्त्याच्या कडेला! केबल बदलणारा मेकॅनिकसुद्धा म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला!"

छाती काढून घरी आलो. लेक सांगते, "आई, अगं एकदासुद्धा ओरडले नाहीत! टेम्पोवाल्याकडे बघून हसले!"

हिच्या हातातली पळी खाली पडली. "हसले?… अगं बाई! घाम फुटला होता का? डावा हात दुखतोय का हो?"

"अगं, मी ठीक आहे," म्हटलं. शांतपणे म्हटलं हो!

"बघ, अजून ओरडत नाहीयेत! काढ ती किल्ली त्यांच्या खिशातून, आधी डॉक्टर!"

मग काय, माझ्याच गाडीवर लेक पुढे, मी मागे, वरात दवाखान्याकडे. तब्येत ठणठणीत आहे हे पटावं म्हणून रस्ताभर जीव तोडून ओरडलो. रिक्षावाल्यांवर, सिग्नलवर, एका उभ्या भिंतीवरसुद्धा ओरडलो! लेक मान वळवून म्हणते कशी, "छान! आता बरे दिसताय, बाबा… किल्ली मात्र विसरा."