गावाला उठवायचं कोणी?

हॅलो? … हॅलो? … हो, घड्याळांचा कारखानाच. म्हणजे, होता. आता तोफगोळ्यात बसणारी यंत्रं करतो आम्ही, गोळा कधी फुटायचा ते ठरवणारी. … मी अ‍ॅगी शोरॉक्स, बायकांच्या खात्याची मुकादम. आपण?

… मजूर कचेरीतले पिलिंगसाहेब! अहो, सकाळपासून तुम्हालाच फोन लावतेय. कुणी उचलेल तर शपथ!

… हो, मिळाली ना नोटीस. तेच म्हणते मी. आमच्या खात्यातली एडिथ ग्रिमशॉ, गुरुवारी कोर्टात हजर… वाचलंय हो. ‘कामावर वारंवार उशीर.’ किती उशीर, सांगा ना? … दहा मिनिटं. नऊ मिनिटं. एकदा पंधरा. आणि त्यासाठी महिनाभर तुरुंग? नवरा तिकडे वाळवंटात लढतोय, घरात दोन लहान पोरं, त्यांना कुणी बघायचं? तुम्ही?

… हो, हो, युद्ध चालू आहे. माहीत आहे मला! … अहो, ऐका तरी. तिचं अलार्मचं घड्याळ मोडलंय. … नवीन घ्या? कुठून? अर्ध्या लँकेशर परगण्याला घड्याळं आम्ही पुरवायचो. दोन वर्षांपूर्वी तुमचाच कागद आला, घड्याळं बंद, लढाईचं सामान करा. केलं. आता दुकानात औषधाला घड्याळ सापडत नाही.

… भोंगा? भोंग्यावर बंदी तुमचीच ना! वाजला की लोक विमानं आली म्हणून तळघरात पळतात. … चर्चची घंटा? ती वाजली तर जर्मन उतरले असं समजायचं. म्हणजे उठायचं असेल तर जर्मनांची वाट बघायची!

… म्हातारा क्लेग? चांगली आठवण काढलीत. लांब काठीनं माडीच्या खिडक्या वाजवत अख्खी गल्ली उठवायचा तो. त्याला तोफगोळ्यांत दारू भरायला कुणी पाठवलं? ‘अनावश्यक धंदा’ म्हणून? सही कुणाची आहे, वाचू? … हां. तुमचीच.

… कोंबडा? … कोंबडा आहे हो. पण सरकारनं घड्याळं दोन तास पुढे केली, ते कोंबड्याला कळवलंत का? एडिथची पाळी सहाला लागते. कोंबड्याचे तेव्हा चारच वाजलेले असतात.

… चेष्टा नाही करत, साहेब. रडू येतंय मला. झोप लागली तर उशीर होईल या धास्तीनं ती पोरगी रात्रभर खुर्चीत बसून राहते. नेमका पहाटे डोळा लागतो, आणि झाला उशीर!

… मला काय हवंय? टाकाऊ भागांतून पन्नास घड्याळं जुळवू द्या, बास. … अर्ज दिलाय की. तीन प्रतींत. … समितीपुढे आहे? मग? … बसलीच नाही? का? … कुणाला उशीर झाला? … तुम्हाला?

… काय म्हणालात? … तुमचं घड्याळ बंद पडलंय?

… नाही, नाही, हसत नाहीये मी. … दुरुस्त होईल की. आतली स्प्रिंग गेली असणार. केसापेक्षा बारीक असते ती, बसवायला हातच तसा लागतो. … आहे ना, एक बाई आहे आमच्याकडे. … गुरुवारी? छे, गुरुवारी नाही जमायचं. गुरुवारी ती कोर्टात आहे.

… हो. तीच.

… तारीख पुढे ढकलता? नको. नोटीस फाडा. … आत्ता. मला इथं ऐकू आलं पाहिजे. … हं. … दुसरी प्रतही. … हं, आलं ऐकू. देव तुमचं भलं करो. आणि माझा पन्नास घड्याळांचा अर्ज ढिगाच्या वर काढून ठेवा, काय? … पाठवा मग तुमचं घड्याळ. अलार्म कितीचा लावून देऊ?

… किती? … साडेआठ?

अहो साहेब, साडेआठला आमची एडिथ अडीच तास काम करून चहाला उठलेली असते! … ठेवते मी. ठेवते!