सिनेटरसाहेबांची भाषणं

आमच्या ओहायोतल्या गावात दर ऑक्टोबरात दफनभूमीची फेरी निघते. हौशी गावकरी बड्या मृतांचा वेश करून त्यांच्या थडग्यांपाशी उभे राहतात आणि आपलंच असल्यासारखं त्यांचं चरित्र सांगतात. यंदा कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे दिवंगत सिनेटर आणि त्यांची दिवंगत बायको होती.

“व्हर्ना, काय सांगत सुटलीयस लोकांना? माझी भाषणं तू लिहायचीस?”

“मग काय करू? तुझ्या दगडावर ओळीवर ओळी, माझ्यावर नुसतं ‘पत्नी’. मी म्हणते, ‘मी यांची बायको, क्षयानं गेले,’ की लोक निघाले शेजारच्या थडग्यावरच्या दारूवाल्याकडे!”

“म्हणून थापा? मेलेल्या माणसाच्या अब्रूचा तरी विचार कर!”

“मी काय जिवंत आहे?”

“पुरावा दाखव, पुरावा! इतिहास आहे हा.”

“डेल्बर्ट, मिशी सुटतेय तुझी, दाब ती. आणि मला सांग, आता थडग्यापाशी उभा राहून काय बोलणार आहेस?”

“तेच आपलं नेहमीचं. ‘बंधूंनो, मी तुमचा सिनेटर...’ ”

“ते कुणी लिहून दिलंय?”

“कॉफीत साखर एक चमचा घालू की दोन?”