मानसं बसली की मोटारबी बसते

अहो, मोटार कशी बसंल? तुम्हीच सांगा! बैल बसतो, कोंबडी अंड्यावर बसते, पाटील पारावर बसतो… मोटार बसते म्हने! जल्म गेला माझा बैलगाडी हाकन्यात, कळसाडी गावात लोटनला कोन वळखत नाही? गाडीत कापसाचा डोंगर रचा नाहीतर रिकामी पळवा, तिचं बूड जमिनीपासून जेवढं वर, तेवढंच वर! लाकूड काय दबतं का?

तुम्हाला सांगतो, सगळा घोळ माझ्या तोंडानं केला. माझ्या पोराचं, भिलाचं, लगन म्हसावदला ठरलं. सुपारी फुटली तशी विहीन जसोदाबाई नाक वर करून म्हने, "आमना आठे जवाई घोडावर येस." मी तापलो. म्हटलं, "मन्हा पोऱ्या मोटारमा बठीसन यी!" बोलून तर गेलो… आता मोटार कुठनं आनू?

शहाद्याच्या उमेदमल सेठनं मुंबईहून एक लांबलचक जुनी विलायती मोटार आनलेली. कापूस आम्ही त्यांनाच घालतो, म्हनून गेलो. सेठ म्हने, "लोटनभाऊ, ले जाव. लेकिन नीचे धुव्वे की दो नळी है. आपल्या गाडवाटेवर घासतात. नळी तुटली, तो मेरे को तोंड दाखवू नको."

वाकून पाहिलं. पोटाखाली लांबच्या लांब दोन नळ्या. मोटार एक, धूर एक, नळ्या दोन कशाला? म्हशीला काय दोन शेपट्या असतात? आन आमची गाडवाट कशी, दोन्हीकडं खोल चाकोऱ्या, मधे उंचवटा, बैलाच्या वशिंडासारखा. नळ्या बरोब्बर त्याच्यावर!

म्हटलं, नळ्याच वर घेऊ! लोहार बोलावला. नळ्या ज्या लोखंडी पट्ट्यांना लोंबत होत्या, त्या आखूड केल्या, नळ्या पार मोटारीतल्या पायाखालच्या फळीला चिकटवल्या. मग उंचवट्याच्या मापाची तुराटीची काडी मोडली, नळीखाली धरली… वर आनखी चार बोटं मोकळी! सेठचा डायवर चुनीलाल सेठचाच जुना कोट-टोपी घालून बाजूला उभा, हळूच म्हने, "काका, मानसं बठनात का मोटारबी बठस."

"तुन्हं डोकं बठेल शे! व्हय बाजूले!" मोटार बसते म्हने!

लगनाचा दिवस उजाडला. मुहूर्त सूर्य बुडतानाचा. पुढं भिला बाशिंग बांधून. मागं माझी बायको मंगलाबाई, तिच्या मांडीवर तिची बहीन, बहिनीच्या मांडीवर लाडवाचा डबा. माझी बहीन गजराबाई रुसून बसली, तिला कोंबली. मग दोन्ही पायऱ्यांवर भाऊबंद लोंबकळले. कोनाला नको म्हनता? पुढच्या लगनात पत्रावळ उलटी घालतील ना! गाव सुटलं, चाकोरीत उतरलो, आन पोटाखालून… खर्रर्र!

उतरून वाकलो, तीच तुराटी चाकोरीत उभी धरली, तर नळीखाली जाईना! अरे, परवा तर जात होती! पट्ट्या तुटल्या म्हनावं, तर पट्ट्या जागच्या जागी. मग काय जमीन वर आली? मी नळी पाहतो, जमीन पाहतो, पुन्हा नळी पाहतो… चुनीलाल म्हने, "काका, खाले चाकसवर लोखंडन्या कमानी शेतस. वजन पडनं का दबतस." म्हनजे बसली होती हो! मांडी घालून बसली होती! आन वर गजराबाईनं बोंब ठोकली, "दादा, पाय भाजी ऱ्हायनात!" नळ्या फळीला मीच चिकटवलेल्या ना… सगळ्या बायका पाय पोटाशी घेऊन बसल्या, खुराड्यातल्या कोंबड्यांसारख्या.

म्हटलं, "उतरा!" भाऊबंद उतरले… खर्रर्र! बायका उतरल्या… खर्रर्र! डबा उतरवला, तरी खर्रर्र! राहिला कोन? केळवनं खाऊन फुगलेला भिला.

"आबा, मी नवरदेव शे ना?"

"शे रे बाबा, पन नळी सेठनी शे!"

उतरला बिचारा. बाशिंग धुळीनं खराब होईल म्हनून काढून सीटवर ठेवलं. चुनीलालला बजावलं, "काही बी होवो, मोटारमाईन उतरू नको!" आन काय सांगू, मोटार अशी उठली, अशी उठली… हारतुरे लेऊन डुलत पुढं, आन अख्खी वरात मागं धूळ खात. नाल्याच्या चिखलात रुतली, तर ढकलायला कोन? भिलाच!

म्हसावदची वेस आली. वाजंत्री सुरू झाली, मोटार पळाली, आम्ही मागं पळालो. पोचतो तर काय… जसोदाबाईनं चुनीलालला ओवाळलेलं! कुंकू लावलेलं, तोंडात पेढा! अहो, पोराला तिनं कुठं पाहिलेलं? लगन ठरवलं आम्ही म्हाताऱ्यांनी. मोटारीत कोट-टोपी घालून एकटाच, शेजारी बाशिंग. तिची तरी काय चूक?

"चुनीलाल! तोंड नही का तुले?"

पेढा गिळून म्हने, "काका, तुम्हीच सांगेल व्हतं ना, उतरू नको!"

तिकडं सूर्य टेकला. भटजी हाका मारतोय. भिलाचं बखोट धरून पुढं ढकलला… भुवया धुळीनं पांढऱ्या, गुडघ्यापर्यंत चिखल. जसोदाबाईनं त्याला खालून वर पाहिलं, नाक मुरडलं, म्हने, "आनि हाऊ कोन? मोटार ढकलनारा का?"

मोटार बसते म्हने… मीच मटकन खाली बसलो. म्हटलं, "हा व्हय बाई, ढकलनाराच शे. पन आते यालेच जवाई करी ल्या."