एका अंगानं बसायची सीट

मी सुमन, सुरतच्या लिंबायतची. म्हणजे आता लिंबायतची, मूळ साक्रीकडची. साक्रीच्या पुढं फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव, तिथं आईचं घर, मातीचं, दोन खणांचं, आन् त्याच्यापुढं ओटा. वडील मी लहान असतानाच गेले, भाऊ नाही, बहीण नाही, मी आन् आई, बस. त्या ओट्यावर बसून आम्ही मायलेकींनी किती पोती शेंगा फोडल्या असतील काय सांगू तुम्हाला, सकाळी बसायचो ते ऊन कलेपर्यंत, पाय खाली सोडून, आन् कधी कंबर दुखली नाही. ताई, हे ध्यानात ठेवा, मी पुढं त्याच्यावरच येणार आहे.

लग्न झालं तं सुरत. हे लूमवर, उधन्याला, बारा तासांची पाळी. मी घरी साड्यांचे धागे कापायची, अजून कापते, हे गठ्ठे पडलेत ना ते त्याचेच. सुरत काही वाईट नाही, सुरतनं पोट भरलं आमचं, पण आई तिकडं एकटी आन् तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. सुरतला ये म्हटलं तं नाही म्हणायची, घर कोण पाहील. आन् मला एसटी लागते. बारडोली यायच्या आत मी खिडकीबाहेर, नवापूरपर्यंत अंगात काही राहायचं नाही, आईच्या दारात पोचायची ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी. साक्रीला रेल्वे नाही. म्हणून वर्षातून एकदा जायची, दिवाळीला, ते बी देवाचं नाव घेत.

मग तो प्लेग आला, अख्खं सुरत पळालं तेव्हा. गाडीत पाय ठेवायला जागा नाही, आम्ही पोराला खांद्यावर घेऊन दोन दिवस नुसते इकडून तिकडं, मग कुठं एका टेम्पोत जागा मिळाली. गावी पोचलो तं आई फाट्यावर बसलेली. चार दिवस ती रोज फाट्यावर येऊन बसायची म्हणे, डोळ्यांनी दिसत नाही तरी, गाडी थांबली की विचारायची, सुरतनी शे का? ह्यांनी ते पाहिलं आन् तिथंच ठरवलं, तेव्हा मला बोलले नाहीत, हे बोलतच नाहीत फार. दीड वर्षानं कामरेजच्या एका पटेलभाईंची जुनी मोटारसायकल दारात आणून उभी केली. म्हणे, आता तुला एसटी नको.

सीट तिची फाटलेली होती, तं ह्यांनी नवीन आणली, बाजारातून, माझ्यासाठी म्हणून खास. काय सीट होती! चांगली वीतभर फुगलेली, मागं उंच पायरी केलेली, सोफाच म्हणा. सगळी चाळ आली बघायला. जो यायचा तो अंगठा दाबायचा, अंगठा आत जायचा, सोडला की फुगून वर, मग म्हणायचा, वा, सुमनबाईची मजा आहे. मीबी दाबला. मीबी म्हटलं, वा.

पहाटे निघालो, पोरगा शेजारी ठेवला. आता ताई, तुम्हाला माहीत आहे, आपण साडीतल्या बाया एका अंगानं बसतो, दोन्ही पाय डावीकडं. बारडोलीपर्यंत बरं होतं. व्याऱ्याला ती गादी खाली बसली आन् आतला पत्रा लागायला लागला. कड मांडीखाली रुतायची, मऊ असल्यामुळं मी बाहेरच्या अंगाला कलायची, ब्रेक लागला की त्या पायरीवरून घसरून ह्यांच्या पाठीवर. आन् सुरतची साडी नि सीटवर रेग्झिन, दोन्ही गुळगुळीत, धरायचं काय? हे मधेच विचारायचे, बरं आहे ना? मी म्हणायची, बरं आहे. एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू, काय म्हणणार? कोंडाईबारीचा घाट उतरलो तेव्हा डावा पाय माझा आहे का दुसऱ्याचा तेही कळत नव्हतं.

आई ओट्यावर होती. तिला दिसत नाही पण चालीवरून ओळखायची. मला वाटलं आता मिठी मारेल, तं ती म्हणते, पाय का बरं वढी ऱ्हायनी? मी म्हटलं काही नाही, मुंग्या आल्यात. दुसऱ्या दिवशीबी मी लंगडतच होते. निघताना तिनं माझा हात धरला आन् म्हणाली, तुले मनी आन शे, आते येवू नको, मी मरसू तवय ये. तिला वाटलं, आपल्यापायी पोरगी लुळी होईल. आता आईनं स्वतःची आन, म्हणजे शपथ घातली, मी मरेन तेव्हाच ये म्हणाली, काय करता? गाडी लागली तं ओकून टाकता येतं, आन कशी ओकणार? मी येताना अख्खा रस्ता रडले. वाऱ्यात ह्यांना ऐकू येत नव्हतं.

घरी आल्यावर आठ दिवस भिंत धरून चालले. ह्यांनी पाहिलं. रविवारी शेजारच्या प्रकाशला म्हणाले, चल, गाडी तू चालव. आन् स्वतः मागं बसले, एका अंगानं! बाईमाणसासारखे दोन्ही पाय डावीकडं, मागची कडी धरून. चाळ हसून हसून लोळली, कुणी म्हणे भाऊ पदर घ्या डोक्यावर, कुणी म्हणे सासरी चालल्या का वहिनी. हे गंभीर. कामरेजपर्यंत गेले, परत आले, प्रकाशला वाटलं झालं, तं म्हणे नाही, अजून एक फेरी. दुसऱ्या फेरीनंतर उतरले ते डावी मांडी धरून उंबऱ्यात बसले. मग म्हणाले, तू मला सांगितलं का नाही? मी म्हटलं, तुमची हौस होती. तं म्हणे, हौस माझी आन् मांडी तुझी होय? माणूस कमी बोलतो, पण बोलला की असा. मला हसूबी आलं आन् रडूबी. ह्यांनी लगेच पाना आणला आन् ती सीट काढून टाकली.

उधन्याला छगनकाका म्हणून होते, सीटा शिवणारे, म्हातारे, सुरतीच. हे मला घेऊन गेले. काकांनी ती सोफ्यासारखी सीट पाहिली आन् कपाळाला हात लावला. म्हणे, बधा अंगूठो दाबीने लई जाय, बेसे छे कोण? सगळे अंगठा दाबून घेऊन जातात, कुणी बसूनच बघत नाही. मग मला म्हणाले, बेन, बेसीने बतावो. मी लाजले. भर बाजारात, उभ्या गाडीवर, आन् माप घ्यायला खडू घेऊन म्हातारा. पण बसले. काकांनी विचारलं, तुम्हाला कशावर बसलं की बरं वाटतं? आता असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. मी विचार केला आन् तोंडातून निघालं, आईच्या ओट्यावर. मग लागले सांगायला, कडक असतो, सपाट असतो, पण त्याची कड लिंपून लिंपून गोल झालेली, मांडीखाली रुतत नाही, दिवसभर बसा. मला वाटलं ह्या गुजराती माणसाला काय कळणार, तं ते टाळी वाजवून म्हणाले, अरे, ओटलो! एम कहोने! म्हणजे तसं सांगा ना.

पायरी काढली. खाली कडक फोम, वर बोटभर मऊ, डावीकडं चार बोटं रुंद केली, कड तासून गोल केली. मी दिवसभर कापड हाताळणारी बाई, मी म्हटलं काका, शिवण मांडीखाली नको, खाली वळवा, आन् वर गुळगुळीत रेग्झिन नको, हे जाडं खरखरीत लावा. काका म्हणे आता तुमीच कारीगर. पण अशी लगेच देईनात, म्हणाले, अर्धा दिवस बसून दाखवा. मग काय, मी साड्यांचा गठ्ठा घेऊन गेले आन् त्यांच्या दुकानापुढं गाडीवर बसून धागे कापले, दुपारभर. दोनदा कड परत तासली त्यांनी. येणारे-जाणारे बघायचे, मी मान वर केली नाही. तिसऱ्यांदा उठले तं पाय माझाच होता.

आता आन मोडायची होती. ह्यांना म्हटलं, पाप लागलं तं मला लागू दे. गेलो. सोनगडला चहा प्यायला उतरले, चालून बघितलं, ठीक. नवापूरला उतरले, ठीक. आईच्या दारात गाडी थांबली तशी ती ओट्यावरून ओरडली, कोन शे? मी म्हटलं, मी. अशी चिडली, आन घातली होती तुला, माझ्या मरणाची वाट बघतेस का, काय काय बोलली. मग म्हणाली, चाल. पलीकडे जाय. आते आठे ये. मला अंगणातून दोनदा चालायला लावलं, कान देऊन बसली. तरी खात्री पटेना, लेक खोटं चालतीय असं वाटलं असेल. मग म्हणते, माले बठाड तिनावर.

हे गाडी धरून उभे राहिले, मी तिला काखेत धरून वर बसवलं. सत्तरीची बाई, जन्मात मोटारसायकलीला हात लावलेला नाही, लुगडं सावरून एका अंगानं बसली, पाय खाली सोडले. हातानं कड चाचपली. बराच वेळ बसली. मग हसली आन् म्हणाली, हाई तं आपला वट्टा शे वं. मग मला म्हणाली, ये मंग, येत जाय.

त्याच्यानंतर तीन वर्षं, ताई, महिन्याला एकदा. एकदा चुकलं नाही. कधी कधी ती ओट्यावर बसायची नाही, म्हणायची गाडी लावा इथं, आन् तिच्यावर बसून माझ्याशी बोलायची. मागच्या उन्हाळ्यात गेली, तेव्हाबी मी उशाशी होते, पाणी माझ्या हातचं प्याली. दुःख आहे, पण टोचत नाही, समजतंय ना?

घर चुलत भावांनी घेतलं. ओटा फोडला, तिथं आता सिमेंटचा केलाय, आम्ही बघून आलो. छगनकाकाबी गेले. पोरगा म्हणतो, मम्मी, आता पायरीवाली नवी सीट लावू, फॅशन आहे. मी म्हटलं, मोठा झालास की तुझ्या गाडीला लाव. हे सकाळी कामाला चालत जातात, कारखाना जवळच आहे, आन् गाडी दारात असली की मी धागे कापायला तिच्यावरच बसते, तुम्ही आलात तेव्हाबी बसलेलीच होते की. ह्यांना गाडी पाहिजे असली तं म्हणतात, बाई, उठता का जरा.

देव तुम्हाला सुखी ठेवो, एवढं ऐकून घेतलंत. आई आहे का तुमची? मग जाऊन या. आन् अंगठा काय दाबता ताई, बसा ना.