कोरड्या विटांची भिंत

हार्डवेअरच्या दुकानात रांगेतल्या आजींच्या मागे एक सूनबाई आणि म्हातारा गवंडी बोलत होते.

"नव्या भिंतीला भेगा गेल्यात, काका. पुट्टी न्यायला आलेय."

"विटा भिजवून लावल्या होत्या ना? कोरडी वीट सिमेंटचं पाणी पिऊन टाकते."

"मी सांगितलं होतं. कंत्राटदार म्हणाला, वहिनी, तुम्ही चहाचं बघा."

"आता सांध्यांतून वाळू गळते?"

"नुसतं बोट लावलं तरी. आणि सासूबाईंचा पलंग त्याच भिंतीला."

"आधी पलंग हलवा, मग भिंत उतरवा. पुट्टी म्हणजे मढ्याला पावडर."

"आमचे हे म्हणतात, तुला काय कळतंय त्यातलं."

आजींच्या माहेरी विटा हौदात बुडवायचं काम आईकडे असे. आजींनी सूनबाईला रांगेत आपल्या पुढे घेतलं.

"किती किलो पुट्टी, ताई?" दुकानदाराने विचारलं.

"पुट्टी राहू द्या. पहार दाखवा."